झाड तोडण्यापूर्वी

पाठ परिचय : पावसाळा जवळ आला की शहरांत झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम सुरू होते. काही झाडे मुळापासून काढली जातात. हे काम वरवर सोपे दिसते. पण त्यात शास्त्र आहे, कौशल्य आहे आणि कायदाही आहे. चुकीच्या छाटणीने झाड अधिक धोकादायक कसे होते आणि योग्य छाटणीने झाड व माणूस दोघेही कसे वाचतात, हे या पाठात सांगितले आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जात राहिले, की अगदी टोकाला झाई हे गाव लागते. पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्याचे हे मच्छिमारांचे गाव. गावाच्या पलीकडे गुजरात राज्य सुरू होते. झाईच्या दक्षिणेला बोर्डी, घोलवड आणि डहाणू आहेत. या किनारपट्टीवर सुरूच्या रांगा आहेत, घरांजवळ नारळ आहेत आणि थोडे आत गेले की चिकूच्या वाड्या आहेत. समुद्राकडून येणारा वारा आधी या झाडांना लागतो, मग घरांना.

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच्या आधीच्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या होत्या. तौक्तेच्या वाऱ्याने पालघर जिल्ह्यात झाडे पडली, तशी मुंबई आणि ठाणे या शहरांतही पडली. कुठे झाड विजेच्या तारांवर पडले, कुठे मोटारीवर, तर कुठे घराच्या छपरावर.

असे काही घडले की लोक म्हणतात, "झाड नकोच! पाडून टाका." त्यांची भीती खोटी नसते. ज्याच्या छपरावर झाड झुकले आहे, त्याला वादळाच्या रात्री झोप कशी येईल? पण मुलांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. वारा सर्व झाडांना सारखाच लागतो. तरी एक झाड पडते आणि त्याच्या शेजारचे दुसरे उभे राहते. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की कोणते झाड ठेवावे, कोणते छाटावे आणि कोणते काढावे हे समजू लागते.

झाड का पडते?

झाडाचा आधार म्हणजे त्याची मुळे. पुष्कळांना वाटते, की झाड जेवढे उंच तेवढी त्याची मुळे खोल असतात. तसे नसते. बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात असतात. ती खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. या पसरलेल्या मुळांनी झाड जमीन घट्ट धरून ठेवते.

शेतातल्या आंब्याला पसरायला मोकळी जमीन मिळते. शहरातल्या झाडाचे तसे नाही. त्याच्या एका बाजूला गटार असते, दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता असतो आणि बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलेले असते. मुळांपर्यंत पाणी व हवा पोहोचत नाही. त्यातच कधी पाण्याच्या नळासाठी, तर कधी केबलसाठी चर खणला जातो आणि एका बाजूची मुळे तोडली जातात. चर बुजवला की वरून काही दिसत नाही. पानेही काही काळ हिरवी राहतात. पुढे जोराचा वारा आला की झाड मुळांसकट उलटते. लोक म्हणतात, "चांगले हिरवे झाड पडले!" प्रत्यक्षात त्याचा आधार आधीच तुटलेला असतो.

या कारणासाठीच २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. बुंध्याभोवती मोकळी माती ठेवणे ही झाडाच्या रक्षणाची पहिली पायरी आहे.

किनाऱ्यावर मुळांचे शत्रू वेगळे असतात. भरतीच्या लाटांनी वाळू वाहून गेली की सुरूची मुळे उघडी पडतात. मग थोड्या वाऱ्यानेही झाड आडवे होते. म्हणजे शहर असो की किनारा, मुळांचा आधार गेला की झाड धोक्यात येते.

छाटणी म्हणजे काय?

छाटणी म्हणजे वाटेल त्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे नव्हे. घोलवडचा चिकू प्रसिद्ध आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला अनुभवी बागायतदार वाडीत करवत घेऊन शिरतो, तेव्हा आधी झाडाकडे नीट पाहतो. ही फांदी वाळली आहे काय? हिला कीड लागली आहे काय? या दोन फांद्या एकमेकींवर घासतात काय? आतल्या बाजूला ऊन पोहोचते काय? प्रत्येक फांदी कापण्याला त्याच्याजवळ कारण असते. कारण नसेल तर तो फांदीला हात लावत नाही.

शहरातही हाच नियम लागू आहे. तिथे पुढील फांद्या काढाव्या लागतात :

(१) वाळलेल्या, किडलेल्या किंवा मोडून लोंबकळणाऱ्या फांद्या;

(२) एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या;

(३) विजेच्या तारांना, घरांना किंवा वाहनांना अडथळा करणाऱ्या फांद्या;

(४) रस्त्यावरचा दिवा किंवा वाहतुकीचा सिग्नल झाकणाऱ्या फांद्या.

पाने ही झाडाची स्वयंपाकघरे आहेत. सूर्यप्रकाशात तिथे झाडाचे अन्न तयार होते. म्हणून एका वेळी झाडाच्या पालवीचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग काढू नये, असे जाणकार सांगतात. वयस्क किंवा आजारी झाडाचा त्याहूनही कमी काढावा.

तीन कापांची रीत

जड फांदी वरून एकाच घावात कापली, तर ती पूर्ण कापली जाण्यापूर्वीच आपल्या वजनाने खाली मोडते. मोडताना ती बुंध्याची साल लांबवर सोलून नेते. या उघड्या जखमेतून बुरशी आत शिरते. हे टाळण्यासाठी फांदी तीन कापांत काढतात.

पहिला काप फांदीच्या खालच्या बाजूने घेतात. तो बुंध्यापासून सुमारे एक फूट दूर असतो आणि फांदीच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शापर्यंतच जातो. दुसरा काप वरून घेतात, पहिल्यापेक्षा थोडा पुढे. आता फांदी खाली पडते. पण साल पहिल्या कापापाशी तुटते, बुंध्यापर्यंत सोलली जात नाही. बुंध्याला फांदीचा एक आखूड खुंट राहतो. तिसऱ्या कापात तो खुंट काढतात.

तिसरा काप सर्वांत महत्त्वाचा असतो. फांदी जिथे बुंध्याला मिळते, तिथे सालीला थोडा फुगवटा असतो. एखादे झाड जवळून पाहा, तो तुम्हाला दिसेल. काप या फुगवट्याच्या अगदी बाहेर घ्यायचा. फुगवटा कापायचा नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही. कारण जखम बंद करणारे नवे लाकूड या फुगवट्यातूनच वाढते.

पूर्वी जगभर फांदी बुंध्याशी अगदी सपाट कापण्याची पद्धत होती. ती नीटनेटकी दिसे. अॅलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने हजारो झाडे चिरून त्यांच्या आतल्या जखमा तपासल्या. सपाट कापाने झाड आतून जास्त सडते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माणसाची जखम भरते, तिथे नवी कातडी येते. झाडाची जखम तशी भरत नाही. झाड त्या जागेभोवती नव्या लाकडाची भिंत बांधते आणि जखम आत बंद करून टाकते. जुनी जखम आत तशीच राहते. म्हणून झाडाला केलेला प्रत्येक घाव जन्मभराचा असतो.

फळबागांत मोठ्या कापावर मोरचूद व चुना यांची बोर्डो पेस्ट लावण्याची रीत आहे. पण डांबर किंवा रंग फासून चुकीचा काप बरोबर होत नाही.

शेंडा छाटू नका!

शहरात कधी कधी एखाद्या झाडाचा सगळा शेंडा उडवलेला दिसतो. खाली नुसता खांबासारखा बुंधा उरतो. लोकांना वाटते, झाड ठेंगणे झाले, आता धोका गेला. काही महिन्यांनी त्या बुंध्याला भराभर धुमारे फुटतात आणि झाड पुन्हा हिरवे दिसते. पण हे धुमारे लाकडाच्या फक्त वरच्या थराला चिकटलेले असतात. खऱ्या फांदीसारखी त्यांची पकड आतपर्यंत नसते. दरम्यान कापलेला शेंडा सडू लागतो. चार-पाच वर्षांत धुमारे जाड आणि जड होतात, आणि वादळात तेच आधी मोडतात. म्हणजे धोका टाळण्यासाठी केलेली छाटणीच नवा धोका निर्माण करते.

तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या दर वर्षी कापल्या, तर झाडाचा तोल जातो. आतल्या सर्व बारीक फांद्या काढून टोकाला फक्त पानांचा झुपका ठेवला, तर वाऱ्याचा सगळा जोर टोकावर येतो आणि फांदी जास्त हेलकावते. वडाच्या बाबतीत आणखी एक चूक होते. वाहतुकीला अडथळा नको म्हणून त्याच्या पारंब्या कापल्या जातात. जमिनीत रुजलेली पारंबी हा वडाच्या आडव्या फांदीचा खांब असतो. खांब काढून टाकला तर छप्पर किती दिवस टिकेल?

कसबी हातांचे काम

झाडावर चढून फांदी तोडणे हे जिवाचे काम आहे. कामगाराच्या कमरेला सुरक्षेचा पट्टा आणि डोक्याला शिरस्त्राण हवे. आपण कापत असलेल्या फांदीला त्याने स्वतःचा दोर बांधू नये. झाड तारांजवळ असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीला कळवून वीजपुरवठा बंद करावा लागतो. ओली फांदी तारेला लागली तर तिच्यातून वीज वाहते. झाडाखाली दोर लावून रस्ता बंद करतात आणि एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा राहतो. जड फांदी तशीच खाली सोडत नाहीत. तिला दोर बांधून, तो दुसऱ्या मजबूत फांदीवरून घेऊन, ती हळूहळू उतरवतात.

पूर्ण झाड काढायचे असेल आणि जागा मोकळी असेल, तर झाड ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूला बुंध्यात आधी एक खाच घेतात. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या थोडे वर, काप घेतात. हा काप खाचेपर्यंत नेत नाहीत. मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवतात. दाराला जशी बिजागरी, तशी ही पट्टी झाडाला धरून ठेवते आणि ठरलेल्या दिशेला वळवते. शहराच्या अरुंद गल्लीत एवढी जागा नसते. तिथे आधी फांद्या, मग शेंडा आणि शेवटी बुंध्याचे तुकडे असे वरून खाली झाड उतरवावे लागते. घाईला इथे जागा नाही.

छाटणीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे घरटी. कावळे पावसाळ्याच्या तोंडावर घरटी बांधतात, बगळे पावसाळ्यात वसाहती करतात. फांदीबरोबर अंडी किंवा पिल्ले खाली आली तर ती वाचत नाहीत. तातडीचा धोका नसेल, तर पिल्ले उडेपर्यंत थांबता येते.

झाड काढावेच लागले तर?

कितीही काळजी घेतली तरी काही झाडे काढावीच लागतात. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. या झाडाबद्दल आधी तक्रार झाली होती; पण पाहणीत ते धोकादायक ठरले नव्हते, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते. या घटनेने एक धडा दिला. झाड वरून हिरवे दिसते एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. त्याची तपासणी जाणकाराने करावी लागते.

धोक्याच्या काही खुणा आपणही ओळखू शकतो. बुंध्याशी भूछत्रे किंवा बुरशीचे थर वाढणे, बुंध्याला उभी चीर पडणे, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, सरळ झाड अचानक कलणे आणि कललेल्या झाडाच्या मागच्या बाजूची माती उचलली जाणे, या त्या खुणा होत. शेवटची खूण दिसली तर झाडाखाली क्षणभरही थांबू नये आणि लगेच मोठ्या माणसांना सांगावे.

असे झाड आपल्या अंगणात असले तरी ते आपण मनाने तोडू शकत नाही. महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ साली झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा झाला. या कायद्यानुसार महानगरपालिका व नगर परिषदांमध्ये वृक्ष प्राधिकरण असते. झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. अधिकारी झाडाची पाहणी करतो. झाडावर नोटीस लावली जाते आणि नागरिकांना हरकत घेता येते. झाड मेलेले असेल, रोगट असेल किंवा त्यापासून जीविताला धोका असेल, तर परवानगी नाकारली जात नाही. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवे झाड लावून ते जगवावे लागते.

या कायद्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. झाड तोडणे याचा अर्थ केवळ बुंधा कापणे एवढाच त्यात दिलेला नाही. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही 'तोडणे'च मानले आहे. म्हणून छाटणीच्या नावाखाली झाड बोडके करणे हा साधा निष्काळजीपणा नसून कायद्याचा भंग ठरू शकतो. २०२१ साली या कायद्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली.

डहाणूला नगर परिषद आहे, म्हणून तिथे हा शहरांचा कायदा लागतो. झाईला ग्रामपंचायत आहे. अशा गावांत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग इत्यादी झाडांच्या तोडीसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. डहाणू तालुका तर १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हणजे गाव असो की शहर, झाडाला विचारणारा कोणी नाही असे समजू नये.

जुनी शिकवण

हा विचार नवा नाही. मराठेशाहीतील रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरील ग्रंथ लिहिला. आरमाराची जहाजे बांधायला लाकूड लागते. तरी आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत, असे त्यात सांगितले आहे. ही झाडे एक-दोन वर्षांत वाढत नाहीत. लोकांनी ती मुलांप्रमाणे वाढवलेली असतात, हे त्याचे कारण दिले आहे. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल आणि कामाचे राहिले नसेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन, मगच ते तोडावे असा नियम घालून दिला आहे. आधी गरज तपासावी, मग संमती घ्यावी आणि नंतरच कुऱ्हाड उचलावी. आजच्या कायद्याचा क्रमही हाच आहे.

इस्लामची शिकवणही तुम्हाला माहीत आहे. एखाद्याने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, अशा अर्थाची हदीस आहे. झाड लावणे सदका असेल, तर लावलेले झाड नीट सांभाळणे हेही पुण्याचेच काम नव्हे काय?

मुलांनो, तुमच्या शाळेच्या आवारातही झाडे असतील. त्यांच्या बुंध्यात खिळे ठोकू नका, त्यांना तार आवळू नका, बुंध्याभोवतीची माती सिमेंटने झाकू देऊ नका. पावसाळ्यापूर्वी त्यांच्याकडे एकदा नीट पाहा. वाळलेली फांदी दिसली तर गुरुजींना किंवा बाईंना सांगा. वेळेवर काढलेली एक वाळकी फांदी एखाद्याचा जीव वाचवते. आणि योग्य जागी घेतलेला एक काप सगळे झाड वाचवतो.

शब्दार्थ

बुंधा – तना. झाडाचा मुळाजवळचा जाड भाग
फांदी – शाख
मुळे – जड़ें
साल – छाल
पालवी – कोवळी पाने. येथे, झाडाची सर्व पाने
धुमारे – कापलेल्या जागी फुटणारे नवे कोंब
खुंट – कापल्यावर उरलेला फांदीचा आखूड तुकडा
पारंबी – वडाच्या फांदीतून खाली येणारे मूळ
शिरस्त्राण – डोक्याच्या रक्षणासाठी घालायची टोपी
चर – जमिनीत खणलेली लांब नाली
बोडके – उघडे, पाने-फांद्या नसलेले
जीर्ण – बहुत पुराना. फार जुना झालेला
रयत – रिआया, प्रजा
आरमार – समुद्रावरील लढाऊ जहाजांचा ताफा

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.

(१) झाई हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?

(२) बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या कोणत्या थरात असतात?

(३) एका वेळी झाडाची किती पालवी काढावी?

(४) जखम बंद करणारे नवे लाकूड कोठून वाढते?

(५) शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा कोणत्या साली झाला?

प्र. २. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.

(बिजागरी, खांब, स्वयंपाकघरे, भिंत)

(१) पाने ही झाडाची ______ आहेत.

(२) झाड जखमेभोवती नव्या लाकडाची ______ बांधते.

(३) जमिनीत रुजलेली पारंबी हा वडाच्या फांदीचा ______ असतो.

(४) लाकडाची शिल्लक पट्टी ______सारखी झाडाला धरून ठेवते.

प्र. ३. कारणे लिहा.

(१) हिरवे दिसणारे झाडही वाऱ्यात मुळांसकट उलटते.

(२) जड फांदी तीन कापांत काढतात.

(३) शेंडा छाटलेले झाड पुढे अधिक धोकादायक होते.

(४) छाटणीपूर्वी घरटी पाहावी लागतात.

प्र. ४. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.

(१) धोकादायक झाड कोणत्या खुणांवरून ओळखता येते?

(२) 'आज्ञापत्रा'तील नियम आणि आजचा कायदा यांत कोणते साम्य आहे?

(३) "झाड नकोच! पाडून टाका," असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही काय सांगाल?

प्र. ५. भाषाभ्यास.

(अ) पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पण त्यांचा अर्थ किंवा वापर दोन्ही भाषांत सारखा नाही. प्रत्येक शब्दाचा मराठीतील अर्थ पाठाच्या आधारे लिहा व वाक्यात उपयोग करा.

हरकत, तक्रार, कायदा, इजा

(नमुना : हरकत – मराठीत आक्षेप, उर्दूत हालचाल किंवा कृती. वाक्य : झाड तोडण्यास नागरिकांनी हरकत घेतली.)

(आ) पुढील शब्दांचे अनेकवचन लिहा.

फांदी, झाड, मूळ, घरटे, पारंबी

(इ) विरुद्धार्थी शब्द लिहा.

वाळलेली, उंच, मजबूत, जुना, मोकळा

प्र. ६. पत्रलेखन.

तुमच्या शाळेसमोरील झाडाची एक मोठी फांदी वाळली असून ती रस्त्यावर झुकली आहे. ती योग्य रीतीने छाटावी, झाड मात्र तोडू नये, अशी विनंती करणारा अर्ज नगर परिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्यास लिहा.

उपक्रम : आपल्या शाळेच्या आवारातील किंवा मोहल्ल्यातील पाच झाडे निवडा. प्रत्येकाचे नाव मराठीत व उर्दूत लिहा. बुंध्याभोवती माती मोकळी आहे काय, वाळलेल्या फांद्या आहेत काय, खिळे किंवा तारा आहेत काय आणि घरटी आहेत काय, याची नोंद एका तक्त्यात करा. तो तक्ता वर्गात लावा.